उरलेले तीन किलोमीटर

यंदाही थंडी आधी मार्केटात आली आणि मग आमच्या जुईनगरात. दरवर्षीचंच आहे हे. नवी मुंबईची थंडी म्हणजे तशी नावालाच, आमच्या साताऱ्याकडच्या माणसाला सांगाल तर तो पोट धरून हसेल. पण एपीएमसीत ती आली की कळते. लाल कांद्याच्या गाड्या लागायला लागतात, माथाडी कानाला मफलर गुंडाळून येतात, पलीकडे भाजी मार्केटात मटारचे हिरवेगार ढीग पडतात आणि चहावाल्याच्या किटलीभोवती माणसं उगाचच जास्त वेळ उभी राहतात. मी कांदा-बटाटा मार्केटातल्या एका गाळ्यावर हिशेब लिहिते. काल सकाळी शटर वर केलं, लोखंड बोटांना गार लागलं, आणि माझी उजवी पोटरी म्हणाली, "चला, पळायचे दिवस आले."

पोटरीच म्हणाली हो. मी कशाला म्हणू!

मी आणि पळणं! आमच्याकडे बाई पळते ती दूध उतू जायला लागलं की, नाहीतर दळण टाकून गिरणी बंद व्हायच्या आत ते आणायचं असलं की. नुसतं पळायचं, तेही पन्नाशी उलटल्यावर, छातीवर नंबर लावून, हे आमच्या खानदानात कुणी केलेलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत मी ते केलं. मुंबईची मोठी मॅरेथॉन, त्यातली अर्धी. अर्धी म्हणजे एकवीस किलोमीटर, आधीच सांगून ठेवते, कारण 'अर्धीच का?' म्हणणारे फार भेटतात. त्यांना मी म्हणते, या, दोघं मिळून पूर्ण करू.

तर त्याचं असं झालं. आमच्या समोरच्या दारात कल्पना राहते. तिचा मुलगा निखिल तेव्हा बावीस वर्षांचा. जन्मापासून पायांत ताकद नाही, हातही मनासारखे वळत नाहीत, जीभ मात्र देवाने दुप्पट दिली. बिल्डिंग जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्याचे वडील जासईला कंटेनर यार्डात कामाला, पहाटेच बाहेर पडणारे. म्हणून निखिलला सकाळी खाली न्यायचं काम आमच्या ह्यांच्याकडे. हे माथाडी, टोळीचे मुकादम होते, आता रिटायर झालेत, पण पाठ अजून कामावरच आहे. निखिलला पाठुंगळी घेऊन हे जिना उतरतात तेव्हा सगळ्या बिल्डिंगला कळतं.

"काका, हळू! कुणी मागं लागलंय का?"

"गप बस. आन मान सोड माजी, गळा आवळतुयास."

खाली व्हॅन उभी असायची, मागे फळी लावून व्हीलचेअर आत चढवता येते तशी. ती त्याला नेरूळला एका संस्थेत न्यायची. तिथं त्याच्यासारखी बरीच मुलं-मुली. निखिल तिथं कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांचा मजकूर लावायला शिकत होता, आणि संध्याकाळी येऊन कुणाच्या पत्रिकेत किती मामा घुसडले ते आम्हाला ऐकवायचा.

त्या दिवाळीनंतर संस्थेने कळवलं की व्हॅन आता फार जुनी झाली, जूनपासून रस्त्यावर आणता येणार नाही. नवी घ्यायची तर मदत गोळा करायला हवी. त्यासाठी काही लोक संस्थेच्या नावाने मॅरेथॉन पळणार आणि आपापल्या ओळखीतून वर्गणी आणणार. कल्पना मला हे सांगत होती तेव्हा मी मेथी निवडत होते. निखिल मागून म्हणाला, "काकू, व्हॅन गेली की मी परत कुंडीतलं झाड. सकाळी पाणी घाला, दुपारी उन्हात ठेवा."

तो हसला. कल्पना हसली नाही. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी पळते."

मेथी तशीच राहिली. हे आतून ओरडले, "कोण पळतंय?"

डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलं होतं, तेवढंच काय ते माझं भांडवल. मी सकाळी पाम बीच रोडला चालायला जायचेच. त्या थंडीत चालायची ती पळायला लागले. अजूनही हवेत गारवा आला की ती सकाळ नाकात येते. खाडीच्या चिखलाचा तो खारट वास, तो आधी नकोसा वाटतो आणि मग त्याच्याशिवाय चैन पडत नाही. झाडांखाली सांडलेली पिवळी पानं, धुक्यात अर्धवट दिसणाऱ्या उंच बिल्डिंगा, लांब पाण्यात फ्लेमिंगोंची गुलाबी रेघ. हे मागून स्कूटरवरून यायचे, पाण्याची बाटली घेऊन, आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचे, "ह्या वेगानं स्कूटर पडंल बरं का माजी."

माझा कोच निखिल. रविवारी तो खाली पार्किंगमध्ये खुर्चीत बसायचा आणि मी बिल्डिंगला फेऱ्या मारायचे. "हात हलवा, काकू! हात वाळत घातलेत का?" "काकू, श्वास! श्वास घ्यायचा असतो मध्ये मध्ये!" स्वतः एक पाऊल न टाकलेला माणूस मला पाऊल कसं टाकायचं ते शिकवत होता, आणि खरं सांगते, बरोबर शिकवत होता. मोबाइलवर कुठकुठले व्हिडिओ बघून ठेवायचा. मी दमून कट्ट्यावर बसले की म्हणायचा, "उठा. माझी व्हॅन बसलीय तिथं." मग उठावंच लागे.

आता वर्गणीचं. मी मार्केटात गाळ्यागाळ्यावर गेले. समोरच्या गाळ्यावर नामदेवतात्या, जुन्नरकडचे अडते, पांढरी टोपी, शब्दाला पक्के, आणि आमच्या गल्लीत तात्या बोलले की बाकीचे मान हलवतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पन वहिनी, त्याला पळायचं कशाला? नुसतं मागा की."

नुसतं मागा! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय दारोदार झोळी घेऊन आले होते? मी म्हटलं, "तात्या, मी फुकट मागत नाही. मार्केटाच्या रीतीनं घ्या. गाडी गेटात आली की पैसे द्या. नाही आली, तर देऊ नका."

तात्यांचे डोळे चमकले. "ठरलं," म्हणाले. "गाडी गेटात, पैसे हातात." आजूबाजूच्या सगळ्यांनी माना हलवल्या.

मी तरातरा घरी आले आणि मोठ्या तोऱ्यात ह्यांना सांगितलं. ह्यांनी कपाळावर हात मारला. "आगं, वर्गनी आधी घ्यायची अस्ती! गनपतीची वर्गनी काय इसर्जन झाल्यावर घेत्यात व्हय?" संस्थेच्या बाईंनीही फोनवर ते दोनदा विचारून घेतलं. बाकीच्यांचं सगळं आधीच जमा झालं होतं. उरलेला मोठा वाटा आमच्या मार्केटचा होता, आणि तो माझ्या दोन पायांवर लटकला होता. पोचले तर व्हॅन, नाहीतर निखिल घरी. हे टेन्शन मला कुणी दिलं नव्हतं, माझ्याच तोंडाने घेतलं होतं.

मॅरेथॉनची ती पहाट मला अजून जशीच्या तशी आठवते. ह्यांच्या पुतण्याने टेम्पोतून सोडलं. तिथं ही गर्दी! सगळीकडे दुखऱ्या पायांना लावायच्या मलमांचा वास, लग्नघरात अत्तराचा असतो तसा. कुणी वाकतंय, कुणी पाय ताणतंय, मी आपली पदर नसलेल्या ड्रेसची ओढणी शोधतेय, जी मी मुद्दाम घरी ठेवून आले होते. मग समुद्रावरच्या पुलावर आलो. एरवी तिथं माणसाला पायी जाऊच देत नाहीत. खाली काळसर पाणी, वर उजाडतंय, वारा असा की केसांच्या पिना उडाल्या, आणि हजारो पावलांचा नुसता टपटप आवाज. कुणी बोलत नव्हतं. मला एकदम हसायला आलं. म्हटलं, सुनंदा, तू इथं काय करतेयस? आणि इतकी खूश झाले की वेगच वाढला.

पूल संपला, वस्ती लागली, आणि तिथंच माझा घात झाला.

मुंबईची माणसं फार चांगली हो. भल्या सकाळी उठून रस्त्याच्या कडेला उभी होती, टाळ्या वाजवत, हातात संत्र्याच्या फोडी, चिक्की, बिस्किटं, केळी घेऊन. बाकीचे पळता पळता उचलायचे आणि पुढं जायचे. मला कुठं ते जमायला! कुणी हातावर काही ठेवायला आलं तर आधी नको म्हणायचं, मग त्यांनी आग्रह करायचा, मग आपण थोडंसं घ्यायचं, चव घ्यायची, चांगलं झालंय म्हणायचं, आणि मग निघायचं. जन्मभर हेच केलेलं. पाय पळत होते, पण रीत कुठं पळते?

"घ्या ना ताई, चिक्की घ्या."

"नको हो, कशाला."

"घ्या हो, घरची आहे."

"घरची? बरं, अर्धीच द्या. गूळ कुठला वापरता?"

असं मी किती ठिकाणी थांबले त्याला हिशेब नाही. एका आजोबांनी केळं दिलं, त्यांना बरं वाटावं म्हणून तिथंच उभं राहून खाल्लं. एका मुलीने संत्रं दिलं, ते आंबट होतं, तरी गोड आहे म्हणाले. एका बाईंची तर सून बाळंत झालेली, तेही कळलं. पोटात चिक्की, केळं, संत्रं, बिस्किटं आणि मीठ-लिंबू पाणी, सगळं एकत्र हिंदकळायला लागलं. मी थोरामोठ्यांचा मान ठेवत होते आणि घड्याळ माझा ठेवत नव्हतं.

मरीन ड्राइव्हला आले तेव्हा ऊन चढलं होतं. उजव्या बाजूला समुद्र चमचम करत होता, आणि माझ्या उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी मटकन खालीच बसले. उठले. चार पावलं टाकली. परत बसले. मागून बस आली. वेळ संपलेल्यांना गोळा करत येते ती. शिट्टी गळ्यात अडकवलेली एक मुलगी खाली उतरली. फार गोड बोलली, "आंटी, रस्ता खुला करायचाय आता. प्लीज."

"अगं, तीनच किलोमीटर राहिलेत," मी म्हटलं.

"हो आंटी. पण प्लीज."

मी बसले बसमध्ये. आत माझ्यासारखे बरेच होते, हसत-खिदळत, पुढच्या वर्षी बघू म्हणत. शेजारच्या माणसाने चिक्की पुढं केली. मी नको म्हटलं, आणि त्या दिवसातलं ते पहिलं खरं नको होतं. मग खिडकीकडे तोंड केलं आणि रडले. लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडले. पोटरीसाठी नाही. मला त्या पोराला काय सांगू ते कळत नव्हतं.

त्याला सांगायची गरजच नव्हती. छातीवरच्या नंबरवरून मोबाइलवर आपण कुठं पोचलो ते दिसतं म्हणे. निखिल पहाटेपासून ते बघत बसला होता. मी दारात उभी राहिले, तर म्हणाला, "तुमचं टिंब थांबलं तेव्हा मला वाटलं नेट गेलं. मग ते एकदम बसच्या वेगाने पळायला लागलं, तेव्हा कळलं."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. म्हटलं, "निखिल, मी सगळं घालवलं रे. खात बसले वाटेत."

"काय काय खाल्लं?"

सांगितलं. सूनबाईच्या बाळंतपणापर्यंत सगळं. तो इतका हसला की कल्पना आतून धावत आली. मी पण हसले, डोळे पुसत पुसत. मग तो हसायचा थांबला, खुर्ची हळूच वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसला. निखिल गप्प बसलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तसलं गप्प पुन्हा बघायची माझी तयारी नाही.

सोमवारी मार्केटात गेले ती मान खाली घालून. तात्या शेंगा फोडत बसले होते. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "तात्या, गाडी नाही पोचली."

"कुठं बंद पडली?"

"मरीन ड्राइव्हला."

"किती राह्यलं व्हतं?"

"तीन किलोमीटर."

"आन मग?"

"मग काय? संपलं की."

तात्यांनी शेंगांची टरफलं झटकली. "वहिनी, इतकी वर्सं गाळ्यावर बसताय. माळशेज घाटात गाडी बंद पडली, तर माल बुडाला म्हन्तो का आपन? दुसरी गाडी पाठवतो, मान्सं पाठवतो, आन माल हितं आनतो. उशीर झाला तर झाला. शेतकऱ्याचा माल रस्त्यात सोडायची आपली रीत हाय का?"

माझ्या जिवात जीव आला. "म्हणजे पैसे देताय?"

"तसे कसे देऊ?" तात्या म्हणाले. "बोली ती बोली. गाडी गेटात आली पायजे. तीन राह्यलेत ना? ते पळा आन या. रवारी मार्केट बंद असतंय, पन माझा गाळा उघडा ठिवतो."

असा राग आला म्हणून सांगू! आणि त्याच वेळी असं वाटलं की ह्या म्हाताऱ्याच्या पाया पडावं. फुकट दिले असते तर मी घेतलेही असते, निखिलसाठी घेतले असते. पण मग ती दया झाली असती, आणि निखिलला ती लगेच कळली असती. त्याला दया लांबून ओळखू येते.

आठवडाभर ह्यांनी माझी पोटरी तेलाने चोळली, मी नको नको म्हणत असताना. रविवारी सकाळी सानपाड्याच्या पुढून, मार्केटचं गेट बरोबर तीन किलोमीटरवर येईल अशा जागी निघायचं ठरलं. मला वाटलं मी, हे आणि निखिल एवढेच असू. बघते तर ह्यांची जुनी टोळी हजर. मफलर, कानटोप्या, एकाच्या पायात चपला, एकाचे बूट लग्नातले. म्हणाले, "गाडी बंद पडली म्हनल्यावर टोळी नको व्हय?" निखिलचे वडील सुट्टी घेऊन आले होते, खुर्ची त्यांनी ढकलायची. आणि कल्पना साडीचा काष्टा मारून तयार.

ते तीन किलोमीटर म्हणजे वरातच होती. रविवारची सकाळ, कोवळं ऊन, बंद गोडाऊनांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या, बटाट्याच्या मातीचा वास. टोळीतली माणसं आयुष्यभर ओझं घेऊन पळलेली, रिकाम्या हातांनी पळताना त्यांना हसू येत होतं. "आरं, हातांचं काय करायचं रं?" एकाने विचारलं. "हलवा!" निखिल ओरडला. "वाळत घालू नका!" एका केळीवाल्याने हात पुढं केला, तर निखिलनेच खुर्चीतून दरडावलं, "ओ, काकूंना काही देऊ नका!" पोटरी दुखत होती. पण थांबायला कुणी जागाच ठेवली नव्हती, पुढे माणसं, मागे माणसं, मी मध्ये.

पैसे त्याच आठवड्यात संस्थेकडे गेले. नवी व्हॅन जूनच्या आधी आली. आता रोज सकाळी खाली हॉर्न वाजतो, आणि हे निखिलला घेऊन जिना उतरताना भांडतात ते मला वर पोळ्या लाटताना ऐकू येतं. तो आता संस्थेतल्या नव्या मुलांना पत्रिका लावायला शिकवतो, आणि त्यांच्यावर माझ्यावर ओरडायचा तसाच ओरडतो म्हणे. मी पुन्हा पळणार की नाही ते पोटरी ठरवील. पण थंडी आली की मला पूल आठवत नाही, मरीन ड्राइव्हही नाही. मला त्या रविवारी मार्केटच्या गेटातून आत शिरल्यावर जे झालं ते आठवतं.

तात्या गाळ्यापुढे उभे होते. बाजूला आमचा मापाडी, मार्केटात मालाचं वजन करतो तो, सुट्टीच्या दिवशी मुद्दाम बोलावलेला. हार नाही, नारळ नाही. मी धापा टाकत त्यांच्या पुढ्यात जाऊन थांबले.

"गाडी आली," तात्या म्हणाले. "पन माल कुठाय?"

टोळी एकमेकांकडे बघायला लागली. निखिलने त्याचा तो न वळणारा हात जमेल तेवढा वर केला. "हा काय. मी."

तात्यांनी त्याला खालून वर न्याहाळलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "मग काट्यावर घ्या. वजन केल्याबिगर हितं काय उतरत न्हाई."

निखिलच्या वडिलांनी खुर्ची काट्याच्या पत्र्यावर चढवली. लाल आकडे पेटले, हलले, थांबले. मापाड्याने वाकून बघितलं आणि जन्माची सवय, तोंडातून निघून गेलं, "बारदान किती धरू?"

बारदान म्हणजे पोतं. मालाच्या वजनातून त्याचं वजन वजा करतात, भाव फक्त आतल्या मालाचा. विचारलं खरं, पण विचारून मापाडीच ओशाळला. काट्यावर निखिलशिवाय एकच वस्तू होती आणि तिच्याकडे बघायचं कुणाचं धाडस होईना. कल्पनाने तर मान खाली घातली.

निखिलने खुर्चीच्या दांडीवर थाप मारली.

"ही खुर्ची बारदान," तो म्हणाला. "ती वजा करा, तात्या. माल मी."

तात्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. मग मापाड्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंस न्हवं? बारदान वजा. आन मालाला आजचा सगळ्यात वरचा भाव लाव."